करवंदीच्या सतरा जाळ्या

१७ मे १९५३

विटा आल्या! दोन गाड्या भरून. लीलाधरने परसाच्या मधोमध उतरवून घेतल्या, नेमक्या माझ्या गिलक्याच्या आळ्यावर. वेल गेला. मी काही बोलले नाही. म्हणजे बोलले, पण गाडीवाल्याला बोलले.

विटा कशाला, तर भिंत घालायला. घराची वाटणी दिवाळीतच झाली. मधलं दार बुजवलं. इकडे थोरला लीलाधर, तिकडे धाकटा पंडित, पुढची दारं दोन वेगळ्या गल्ल्यांना. चुली दोन झाल्या. माझीही वाटणी झाली — एक महिना याच्याकडे, एक महिना त्याच्याकडे, अमावस्या ते अमावस्या. त्या दिवशी वळकटी उचलायची आणि परसातून पलीकडे जायचं. परस तेवढं एक राहिलं होतं. तिथून सुना एकमेकींना विरजण देतात, पोरी इकडून तिकडे पळतात. आता तिथेही भिंत!

आणि आजच उखर्डू आला. माझा धाकटा भाऊ, साक्रीकडे डोंगराला असतो. आखाजीला माहेरी जायचं आता माझ्या गुडघ्यांना झेपत नाही, म्हणून तोच येतो — सण उलटून गेल्यावर, दरवर्षीसारखा. टोपलीत पळसाची पानं आणि पानांत करवंदं. काळीभोर! कुंदा लीलाधरची, बेबी पंडितची. दोघी नाती विटांवर चढून बसल्या आणि कोंबडा की कोंबडी खेळायला लागल्या. चावून बघायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. बेबीला पाच वर्षं झाली, पण तिचा प्रत्येक वेळी कोंबडाच. खोटारडी!

उखर्डू विटांकडे बघत म्हणाला, "अक्का, आपला खळाले कधी भीत व्हती का? करवंदीनं कुंपन व्हतं. डुक्कर बी घुसे नही."

तेव्हापासून डोक्यात तेच फिरतंय.

१९ मे

दोन्ही पोरांना परसात उभं केलं. एकमेकांशी बोलत नाहीत, माझ्यामार्फत बोलतात. अंतर चार हातांचं!

"माय, त्याले सांग, भीत आखाजीना आधीच व्हवाले पाहिजे व्हती."

"माय, त्याले सांग, भीत घालनी तर त्याना आंगनमा घाल म्हना."

मी म्हटलं, मी काय तारऑफिस आहे का? भांडण कशावरून झालं हे आता दोघांनाही धड सांगता येत नाही. सुरुवात एका पाभरीवरून झाली होती. पेरणीचे चार दिवस, पाभर एक आणि शेतं दोन. ती पाभर मोडून चुलीतसुद्धा गेली.

म्हटलं, भिंत नको. मी करवंदीचं कुंपण लावते. जनावर येणार नाही, हद्द दिसेल, वरून एकमेकांची तोंडंही दिसतील. पंडित हसला. लीलाधर म्हणाला, दोन पावसाळे देतो. मी पाच मागितले. बाजारात वांगी घेताना करतात तसं केलं आणि चारवर ठरलं. चौथा पावसाळा सरल्यावर कुंपण माझ्या कमरेला लागलं तर ठीक. नाही लागलं तर विटा तिथे आहेतच. तोवर हलवणार नाही म्हणाला.

सुमन — थोरली सून — हळूच म्हणाली, "आत्याबाई, काट्याचं झाड परसात असलं की घरात भांडण होतं म्हणतात."

मी म्हटलं, झाड नव्हतं तरी झालंच की!

२२ मे

बी धरलं. खाऊन उरलेल्या बिया धुतल्या, घराच्या मातीच्या धाब्यावर कडक उन्हात वाळवल्या, राखेत घोळवल्या, मडक्यात भरल्या आणि तोंड शेणाने लिंपून टाकलं. बियाणं ठेवावं तर मी! अर्ध्या गल्लीचं गिलकं, भोपळा, चवळी माझ्या मडक्यातून निघतं. एक दाणा फुकट जात नाही.

हे सगळं लिहून ठेव असं कुंदाने सांगितलं. तीच माझी मास्तरीण. मी दुसरी पास होते, पण नंतर लग्न झालं आणि अक्षरं पुसली गेली. यंदा मारुतीच्या देवळात बायकांचा साक्षरता वर्ग निघाला, तिथे परत जोडाक्षरांपर्यंत आले. कुंदाच्या वह्यांची मागची कोरी पानं माझी. पुढे तिची गणितं, मागे मी.

२८ जून

बी लावलं. परसात मधोमध ओळ आखली, दोन्ही पोरं दोन टोकांना दोरी धरून उभी होती. दोरी एकच होती, मला तेवढंही पुरलं.

९ ऑगस्ट

उगवलं. तण.

३० ऑगस्ट

उकरून पाहिलं. बी जसंच्या तसं, दाबलं की आत पोकळ. माझं बी! कुणाला बोलले नाही. लीलाधर सकाळी विटांवर बसून राखुंडीने दात घासतो आणि विचारतो, "माय, कुंपन कमरले लागनं का?"

पहिला पावसाळा वाया.

८ मे १९५४

उखर्डू आला, करवंदं आणली. मडक्याची गोष्ट त्याला सांगितली. हसता हसता त्याला ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. "अक्का, करवंदनं बी कोनी वाळवस का? ते मरी जास! खाधं का लगेच मातीमा."

जन्मभर डोंगरातली करवंदं खाल्ली, पण ती कधी कुणी लावलेली पाहिलीच नव्हती. गिलक्याचं शहाणपण करवंदीला लावायला गेले. पुरुष असते तर बी वाईट होतं म्हणाले असते.

आज खाल्ल्या खाल्ल्या बिया मातीत. फुटके माठ तीन, रॉकेलचा डबा एक. काळी माती नको, मुरूम घाल म्हणाला, तसा घातला. रांजणाच्या सावलीला ठेवले. पोरींनी खाऊन थुंकायचं आणि मी पेरायचं!

६ जून

आले!! तेवीस! दोन दोन पानं, नखाएवढी. सुमनला दाखवली, मग पलीकडे जाऊन सुंदरला — धाकट्या सुनेला — दाखवली. सुंदर भाकरी थापत होती. पिठाच्या हाताने डबा धरून बघितला आणि म्हणाली, "आत्याबाई, हे तर तुळशीसारखं दिसतं." तिला म्हटलं, थोडं थांब, टोचेल तेव्हा कळेल.

दोन वेळा जेवले आज. एकदा इकडे, एकदा तिकडे. आनंदात पाळी कुणाची हे कुणी पाहिलं नाही.

१२ डिसेंबर

गल्लीतली कुणाची तरी बकरी शिरली, सहा खाल्ली. काटे अजून कोवळे आहेत. उरली सतरा. बकरीला काठी मारली. तिच्या मालकिणीला काय बोलले ते इथे लिहीत नाही, ही वही शाळेत जाते.

२६ जून १९५५

आज जमिनीत लावली. वीतभर झालीत, काटे कडक झालेत. दीड दीड हातावर खड्डे, शेणखत, मुरूम. सुमन या अंगाने खणत होती, सुंदर त्या अंगाने. दोघींचं बोलणं चाललं होतं, खताबद्दल, मग कुणाच्या तरी लग्नाबद्दल, मग मला ऐकू येणार नाही असं काहीतरी, आणि हसल्या. माझ्यावरच हसल्या असणार. हसू देत.

सतरा जाळ्या, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, ओळ सुतासारखी सरळ.

सुंदरने विचारलं, "आत्याबाई, जावा-येवाले जागा?"

मी म्हटलं, खुळी की काय! फट ठेवली की बकरी आलीच. फट असलेलं कुंपण म्हणजे बूड नसलेली घागर. माझ्या बापाच्या खळ्याला बोटभर फट नव्हती. आता तर वीतभरच आहे, ओलांडून जायचं. पुढचं पुढे बघू.

पंडित संध्याकाळी आला आणि ओळीकडे बघून म्हणाला, "माय, तुन्हा हात सरळ शे हां." भलतंच बरं वाटलं.

३ सप्टेंबर

सगळी जगली.

१४ एप्रिल १९५६

ऊन असं की धाब्यावर पाय ठेवता येत नाही. लोकांची जाईजुई करपली आणि माझी करवंदी हिरवीगार. तरी मी अंघोळीचं पाणी सोडते. दोन्ही घरांच्या मोऱ्यांतून चर काढला, पोरांनी नाही, मी काढला. लीलाधर म्हणाला, रानातलं झाड, त्याला पाणी कशाला? त्याला म्हटलं, तुझ्या पावसाळ्यांचा हिशेब आहे, त्याच्या नाही.

आता मांडीला लागते. ओलांडायचं म्हणजे लुगडं वर धरून, घोड्यावर बसल्यासारखं. बेबीला हसू आवरत नाही. ती स्वतः अंग चोरून दोन जाळ्यांच्या बुडातून सरपटत येते.

१४ ऑगस्ट

कानबाई उठली, श्रावणातली आमची देवी. यंदा रोट, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या पोळ्या, वेगळे झाले. भाऊबंदांनी एकत्र खायचे असतात, दरसाल परसातच पंगत बसायची. यंदा सुमन म्हणाली, तिकडे ताटं कुंपणावरून कशी द्यायची, सांडतील. सुंदर म्हणाली, मग आमचे आम्ही करतो. भांडण नाही, तंटा नाही. बरोबरच होतं दोघींचं.

करवंदी भलतीच माजली आहे. पावसाने एकेक फांदी हातभर गेली.

१६ ऑगस्ट

ओलांडताना लुगडं फाटलं. नवं होतं. आता पाळी बदलली की गल्लीने फिरून जाईन, पुढच्या दाराने. गल्लीला वळसा आहे, मारुतीवरून.

१८ नोव्हेंबर

जिंकले! जिंकले!

चौथा पावसाळा सरला. लीलाधरने मला कुंपणाला लावून उभं केलं. कमरेच्या वर चार बोटं! मीच म्हटलं, मी म्हातारपणी बुटकी झाले असेन, तू उभा राहा. त्याच्याही कमरेला. सुमनने गूळ वाटला.

लीलाधर सगळ्या ओळीने हात मागे बांधून चालत गेला, वाकून बुडं पाहिली आणि म्हणाला, "माय, भीतपेक्षा बेस व्हयनं. बकरी बी येवाव नही, मानूस बी येवाव नही."

विटा उद्यापासून गोठ्याला लावतो म्हणाला. चार पावसाळे तिथे पडल्या होत्या, त्यांच्याखाली विंचू निघाले.

पंडितला पलीकडून ओरडून सांगितलं. "बेस, माय!" म्हणाला.

३ मार्च १९५७

फुलं! पांढरी, जाईसारखी, वास तर काय सांगू! पहाटे दार उघडलं की परस भरलेलं. मधमाश्या इतक्या की सुमन कपडे वाळत घालायला घाबरते. मी तिथेच बसते, डाळ निवडायची असली तरी तिथेच. गल्लीतल्या बायका बघायला येतात. मी प्रत्येकीला बियांचं सांगते — वाळवू नका गं! जणू मला आधीपासून माहीत होतं.

१० एप्रिल

हिरवी धरली आहेत. झुबकेच्या झुबके. मधल्या जाळ्यांवर सगळ्यांत जास्त. लोणचं घालू का विचारलं सुमनने. एकालाही हात लावू दिला नाही. पिकू देत.

५ मे

आखाजी झाली. उखर्डू अजून नाही. येऊ दे सावकाश, यंदा मी त्याला खाऊ घालीन! रोज दोनदा कळशीने पाणी घालते. एक फळ उष्टं पडलं की आणखी पाखरं येतात, म्हणून हाकलायला बसावं लागतं. दिवस कसा जातो कळत नाही. या महिन्यात मी लीलाधरकडे आहे, परस या अंगालाही आहे, त्या अंगालाही आहे, मला काय!

२२ मे

पहिली पिकली. ओंजळभर. दोन वाट्या भरल्या, सारख्या. एक कुंदाच्या हातात दिली, म्हटलं, बेबीला देऊन ये, आणि कोंबडा कोंबडी खेळा.

कुंदा उभीच राहिली. म्हणाली, "मोठी माय, गल्लीने जायचं का? मग आईला विचारते." आत जाऊन आली. "आई म्हणते, त्यांच्या बाजूलाही लागलीत ना, ते तोडतील."

म्हटलं, तुम्ही दोघी खेळत नाही का गं आता?

"कधीचं नाही," म्हणाली. "ती त्यांच्या गल्लीतल्या पोरींशी खेळते."

वाटी झाकून ठेवली.

२३ मे

सुगंधाबाई भाजीवाली दारात आली. मेथी घेतली. जाता जाता म्हणाली, "अक्का, पंडितभाऊना दारवर लिंबना डहाळा टांगेल शे. पोर कशी शे आते?"

मला काही माहीत नव्हतं. भाजी तिथेच टाकली आणि गल्लीने गेले. गुडघे दुखतात हे पोहोचल्यावर आठवलं.

बेबीला गोवर. आज नववा दिवस. ताप परवा उतरला. अंगावरचं सगळं काळवंडलं आहे. हात काडीसारखे. उतरला, देवीची कृपा. पण नववा दिवस!

सुंदरला म्हटलं, मला का नाही सांगितलं? ती रागावली नाही, तेच वाईट. म्हणाली, "दोनदा हाक मारली, आत्याबाई. कुंपणावरून. पोरीला सोडून गल्लीने कशी येऊ? तुम्ही म्हणालात, थांब गं, कळशी ओतू दे."

आठवलं. म्हटलं होतं मी तसं. कळशी ओतली आणि मग पाखरं आली. मग विसरले.

बेबीने डोळे उघडले. मला बघून विचारलं, "मोठी माय, तू गावले गयी व्हती का?"

दुसऱ्या गावाला गेले होते का विचारते. मी, जी या परसातच बसले होते.

२४ मे

लीलाधरला सांगितलं. "माले काय माहीत?" म्हणाला. खरंच माहीत नव्हतं त्याला. कुंदा रडली. सुमनने रव्याची खीर केली आणि भांडं हातात घेऊन परसात गेली, कुंपणापाशी उभी राहिली. मग परत आत आली, चप्पल घातली आणि पदर घेतला. गल्लीने गेली. खीर गार झाली असेल.

भिंतीने यापेक्षा जास्त काय केलं असतं? भिंत असती तर भिंतीचा राग तरी आला असता. याला मी पाणी घातलं.

२५ मे

सकाळी कोयता घासून घेतला. मधल्या दोन जाळ्या बुडापासून तोडल्या. सगळ्यांत जास्त करवंदं त्यांच्यावरच होती, पण दोन्ही चुलींच्या समोर त्याच येतात. सुमन म्हणाली, आठ दिवस थांबला असतात तर पिकली असती. थांबले नाही. लीलाधर ओसरीवरून म्हणाला, बकरी शिरेल. म्हटलं, शिरू दे. चीक कोपरापर्यंत आला, राखेने घासला तरी निघत नाही. मुळं राहिली तर परत फुटेल — रानचं झाड आहे, मरत नाही. पंडित त्या अंगाने कुदळ घेऊन आला, खणायला लागला. लीलाधर आत गेला. बाहेर आला नाही.

अमावस्येला अजून चार दिवस आहेत. मी वळकटी उचलली आणि त्या वाटेने पंडितकडे आले. बेबीच्या उशाशी बसून हे लिहिते आहे.